एचयूआयडी हॉलमार्क: ५३ रुपयांत सोन्याची किती खात्री मिळते?

दागिन्याच्या बिलात अगदी तळाशी एक ओळ असते: हॉलमार्किंग शुल्क. नगामागे ४५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५३ रुपये १० पैसे. दीड-दोन लाखांच्या आकड्याखाली ती ओळ कुणी वाचतही नाही. पण सोनं घेताना ग्राहकाला त्रयस्थाकडून मिळणारी सेवा एवढी एकच: शुद्धता तपासून दागिन्यावर शिक्का मारणं. बाकी सगळं, वजनापासून घडणावळीपर्यंत, सराफ सांगेल तसं. म्हणून इथे परीक्षण करायचं आहे ते कुठल्या पेढीचं नाही, या सेवेचं. ती काय देते, कुठे तोकडी पडते, आणि काउंटरवर काय केलं म्हणजे तिचा उपयोग होतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. शुद्धतेपुरती ही सेवा उत्तम आहे, आणि ५३ रुपयांना तर फारच स्वस्त. पण ती फक्त शुद्धतेपुरतीच आहे. सोन्याचा कस मारून पैसे काढणं अवघड झालं, तेव्हापासून ग्राहकाचे पैसे जातात ते वजनात, खड्या-मण्यांत आणि घडणावळीत. शिक्का बघून निर्धास्त झालेला ग्राहक नेमका तिथेच सापडतो.

शिक्क्यात काय असतं

भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने, सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू केलं. तेव्हा ते ऐच्छिक होतं. सक्ती आली ती २३ जून २०२१ पासून, सुरुवातीला २५६ जिल्ह्यांत. मग टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढत गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ३६१ झाले. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या जिल्ह्यांत एचयूआयडी, म्हणजे नगाचा स्वतःचा ओळख क्रमांक, नसलेला दागिना सराफाला विकता येत नाही.

आजच्या शिक्क्यात तीन गोष्टी असतात. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह. शुद्धता, उदाहरणार्थ २२के९१६. आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, जो प्रत्येक नगाला वेगळा असतो. अक्षरं-आकडे रोमन लिपीत, आणि तिन्ही गोष्टी लेझरने कोरलेल्या असतात, त्यामुळे हाताला लागत नाहीत आणि नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. भिंग मागा. किमान दहापट मोठं दाखवणारं भिंग दुकानात ठेवणं सराफावर बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच नको. ‘भिंग आत्ता सापडत नाहीये’ हे उत्तर मिळालं तर दुकान कसं चालतं त्याचा अंदाज येतो.

शोधायचं कुठे? अंगठीत आतल्या बाजूला, बांगडी-पाटलीत आतल्या कडेला, साखळीत फाशाजवळच्या पट्टीवर, मंगळसूत्रात वाटीच्या मागे किंवा फाशाजवळ, कानातल्यात मागच्या दांडीवर नाहीतर पत्र्यावर.

घरातल्या जुन्या दागिन्यांवर एचयूआयडीऐवजी हॉलमार्किंग केंद्राची आणि सराफाची खूण दिसेल. ते दागिने बाद झालेले नाहीत. हॉलमार्क मुळीच नसलेला आजीचा गोठसुद्धा विकता येतो, मोडता येतो. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, घरच्या कपाटावर नाही.

पडताळणी: अर्धा मिनिट लागतो, तरी कुणी करत नाही

मोबाइलवर बीआयएस केअर अ‍ॅप घ्या, एचयूआयडी पडताळणीचा पर्याय उघडा आणि सहा खुणा टाका. नोंद असेल तर सराफाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्राचं नाव-पत्ता, दागिन्याचा प्रकार, हॉलमार्क केल्याची तारीख आणि शुद्धता दिसते.

बहुतेक जण ‘नोंद सापडली’ एवढं बघून मोबाइल खिशात टाकतात. तेवढं पुरत नाही, कारण अ‍ॅप क्रमांक ओळखतं, दागिना ओळखत नाही. एका खऱ्या अंगठीचा क्रमांक दहा खोट्या साखळ्यांवर कोरला तर दहाही साखळ्या अ‍ॅपवर खऱ्या दिसतील. म्हणून दागिन्याचा प्रकार जुळतो का ते आधी बघायचं. हातात चेन आणि नोंद अंगठीची, तर तिथेच थांबा. मग शुद्धता: दागिन्यावर ९१६ आणि नोंदीत ७५०, तरी थांबा. सराफाचं नाव वेगळं दिसलं तर मात्र लगेच संशय नको. बरेच किरकोळ सराफ घाऊक व्यापाऱ्याकडून तयार हॉलमार्क केलेला माल घेतात, तेव्हा नोंद त्या व्यापाऱ्याच्या नावावर असू शकते. विचारा, आणि उत्तर पटलं तर पुढे जा.

खुणा वाचताना शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची गल्लत हमखास होते. नोंद सापडली नाही तर आधी ही अदलाबदल करून बघा. अ‍ॅपला नावं ठेवायची ती इथे: क्रमांक हातानेच टाकावा लागतो आणि अक्षरं केसाएवढी. वय झालेल्या माणसाने एकट्याने हे करावं अशी अपेक्षा ठेवणं अवघडच आहे.

केंद्रात खरोखर काय होतं

सराफ दागिन्यांचा एक लॉट केंद्राला पाठवतो आणि कुठल्या शुद्धतेचा आहे ते ऑनलाइन जाहीर करतो. केंद्रात आधी क्ष-किरणांच्या यंत्रावर, ज्याला बाजारात एक्सआरएफ किंवा कॅरेटोमीटर म्हणतात, दागिने तपासले जातात. लॉट एकसारखा आहे का हे त्यातून कळतं. मग लॉटमधून नमुने निवडून त्यांचे बारीक तुकडे किंवा खरवड घेऊन खरी परीक्षा होते, ती अग्नीची.

नमुना अतिसूक्ष्म काट्यावर तोलतात. त्यात ठरावीक प्रमाणात शुद्ध चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र मुशीत ठेवून हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत घालतात. शिसं वितळतं, त्याचं भस्म होतं, आणि ते तांबं-जस्तासारख्या हलक्या धातूंना घेऊन मुशीच्या अंगात मुरतं. मागे उरते सोनं-चांदीची गोळी. ती ठोकून, लाटून पातळ पट्टी करतात, गुंडाळतात आणि नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोनं राहतं. ते धुऊन, तापवून पुन्हा तोलतात. आधीचं वजन आणि नंतरचं वजन यांचं गुणोत्तर म्हणजे शुद्धता, हजारात इतके भाग. आपल्या मानकात खालच्या बाजूला सूट नाही: ९१६ म्हटलं की ९१५ चालत नाही.

आता यातली मेख. अग्निपरीक्षा नमुन्याची होते, प्रत्येक नगाची नाही. ते शक्यही नाही, कारण त्यात तुकडा खर्ची पडतो. आणि दुकानातल्या काउंटरवर ज्या यंत्रात दागिना ठेवून ‘बघा, ९१.७ आलं’ असं दाखवतात ते एक्सआरएफ असतं. ते फक्त वरचा थर वाचतं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचा आकडा सांगेल. डाखाच्या, म्हणजे जोड देणाऱ्या धातूच्या, जागी ठेवलं तर डाखाचा सांगेल. म्हणून एका दागिन्याचे तीन-चार वेगवेगळ्या जागी आकडे घ्यायला लावा: कडी, फासा, मधला भाग, मागची बाजू. एक-दोन दशांशांचा फरक चालतो. एका जागी ९१.६ आणि दुसरीकडे ८४ आलं तर तिथे जोड आहे किंवा गडबड आहे.

कसोटीचा दगड अजून सराफ कट्ट्यावर दिसतो. जाणत्या हातात तो बावीस आणि अठरा कॅरेट झटकन वेगळे करतो, पण ९१६ आणि ९०० यांत फरक करायला तो अपुरा आहे. पाण्यात बुडवून घनता काढण्याच्या व्हिडिओंवर तर मुळीच विसंबू नका. शुद्ध सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची जवळपास १९.२५, म्हणजे भरीव बिस्किटात टंगस्टन घातलं तर पाण्याला कळणार नाही. आणि मणी, खडे, लाख असलेल्या दागिन्यात तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

किती कॅरेट कशासाठी

हिशेब सोपा जावा म्हणून समजा, शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. मग सोन्याची किंमत शुद्धतेच्या प्रमाणात उतरली पाहिजे: बावीस कॅरेट ९,१६०, वीस कॅरेट ८,३३०, अठरा कॅरेट ७,५००, चौदा कॅरेट ५,८५०, नऊ कॅरेट ३,७५०. दुकानातला फलक याच्याशी ताडून बघा. चोवीस कॅरेटच्या भावाला ०.७५ ने गुणल्यावर येणाऱ्या आकड्यापेक्षा अठरा कॅरेटचा भाव बराच चढा दिसला, तर तो फरक कशाचा ते विचारायचं.

चोवीस कॅरेट दागिन्यासाठी नाही, साठवणीसाठी. वेढणी, नाणं, बिस्किट. ९९९ आणि ९९५ यांत दर हजारी चार भागांचा फरक, म्हणजे वरच्या भावाने १० ग्रॅमला ४०० रुपये. दोन्हींना सर्रास ‘चोवीस कॅरेट’ म्हणतात, तेव्हा पावतीवर तीन आकडी शुद्धता लिहून घ्या. आणखी एक: नाणी, बिस्किटं, तार, पत्रा हे दागिन्यांच्या हॉलमार्क सक्तीत येत नाहीत. पाडव्याला वेढणी घेणाऱ्या घरांना हे सहसा माहीत नसतं. तिथे पेढीचं पक्कं बिल हाच आधार.

बावीस कॅरेट हा महाराष्ट्रातल्या घरांचा नेहमीचा माल, आणि तो तसा का आहे याला कारण आहे. हजारात ९१६ भाग सोनं आणि उरलेले ८४ भाग चांदी-तांबं एवढ्याने धातूला पाटली, तोडा, गोठ पेलेल इतका ताठपणा येतो, पिवळेपणा जात नाही, आणि मोडताना शुद्ध सोन्याच्या जवळचा भाव मिळतो. तोडे, पाटल्या, मोहनमाळ, मंगळसूत्राच्या वाट्या बावीसमध्येच घ्याव्यात. नाजूक काम मात्र यात टिकत नाही. रोज घासल्या जाणाऱ्या अंगठीचा पातळ दांडा वाकतो, बारीक चेनची कडी ताणून उघडते.

हिरा असेल तर अठरा कॅरेट, यात वाद नको. हिरा धरणारे चार किंवा सहा काटे बावीसमध्ये मऊ पडतात, उघडतात आणि खडा निसटतो. पांढरं सोनं आणि गुलाबी सोनं हेही बहुधा अठराचेच प्रकार. गुलाबी रंग तांब्याचा: ७५ टक्के सोनं आणि उरलेल्यात बहुतांश तांबं. पांढऱ्यात पॅलॅडियम किंवा निकेल मिसळतात आणि वर ऱ्होडियमचा मुलामा देतात. तो झिजला की दागिना पिवळट दिसू लागतो आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. घेतानाच विचारा: मिश्रण निकेलचं आहे का, आणि मुलामा पुन्हा देण्याचे किती घेता? निकेलने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, विशेषतः कानात. शुद्धतेत तिन्ही रंग सारखेच, ७५० म्हणजे ७५०. रंग वेगळा म्हणून सोन्याचा भाव जास्त लावत असतील तर ती घडणावळ आहे, सोनं नाही.

चौदा कॅरेट रोजच्या बारीक चेनसाठी, ब्रेसलेटसाठी टिकाऊ. नऊ कॅरेटला बीआयएसने २०२५ मध्ये हॉलमार्कच्या कक्षेत घेतलं, आणि भाव चढल्यापासून भेटवस्तूंच्या विभागात त्याची जाहिरात जोरात आहे. यावर आमचं मत फारसं चांगलं नाही. त्यात ३७.५ टक्के सोनं, बाकी तांबं, चांदी, जस्त. घामाने आणि दमट हवेत काळवंडतं, कोकणपट्टीत तर लवकर. खरी अडचण घडणावळीची. ग्रॅमला ८०० रुपये घडणावळ बावीस कॅरेटवर पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास पडते, तीच नऊ कॅरेटवर एकवीस टक्क्यांच्या वर जाते. मोडताना घडणावळ शून्य धरतात. हौसेची वस्तू म्हणून घ्यायचं तर घ्या, पण ‘सोन्यातली गुंतवणूक’ म्हणून गळ्यात मारलं तर घेऊ नका.

‘एक ग्रॅम गोल्ड’चा या यादीशी संबंध नाही. तो पितळ-तांब्यावरचा मुलामा आहे, त्याला शुद्धता नसते.

‘केडीएम’ ही शुद्धता नव्हे

‘९१६ केडीएम’ असं अजून पाटीवर लिहिलेलं दिसतं. केडीएम हे डाखाचं नाव आहे. पूर्वी जोड देताना सोन्यात बरंच तांबं-चांदी घालून डाख करायचे, म्हणजे तो कमी उष्णतेला वितळे. दागिना बावीसचा, पण त्यातला डाख चौदा-पंधरा कॅरेटचा. जोड जितके जास्त तितकी पूर्ण दागिन्याची सरासरी खाली. पिढीजात साखळ्या आणि जाळीकामाचे हार मोडताना कस कमी निघतो तो बऱ्याचदा यामुळे, आजोबांच्या सोनाराने फसवलं होतं म्हणून नाही.

मग ९२ टक्के सोनं आणि ८ टक्के कॅडमियम अशा डाखाची पद्धत आली. सरासरी घसरत नव्हती, पण कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक असल्याने बीआयएसने ते बाद केलं. आज जोडात जस्तासारखे दुसरे धातू वापरतात. तेव्हा पाटीवर केडीएम वाचून खूश होण्यासारखं काही नाही. उलट २०२३ नंतरही जो सराफ केडीएमच्या नावाने माल विकतो त्याला एचयूआयडी दाखवायला सांगा.

शिक्का खरा, तरीही पैसे जातात: वजन

हॉलमार्क धातूच्या कसाबद्दल बोलतो. दागिन्यात धातू किती आहे, हे बिलातून काढून घ्यायचं तुम्ही.

मंगळसूत्राचं उदाहरण घेऊ. काट्यावर एकूण वजन १८.४०० ग्रॅम. त्यात काळ्या मण्यांचं वजन २.१५० ग्रॅम. म्हणजे निव्वळ सोनं १६.२५० ग्रॅम. भाव ९,१६० धरला तर सोन्याचे १,४८,८५० रुपये. घडणावळ १२ टक्के, १७,८६२. बेरीज १,६६,७१२. त्यावर ३ टक्के जीएसटी ५,००१ रुपये ३६ पैसे. हॉलमार्कचे ५३ रुपये १० पैसे धरून एकूण १,७१,७६६ रुपये ४६ पैसे.

हेच बिल एकूण वजनावर केलं तर काय होतं? २.१५० ग्रॅम काचेचे मणी सोन्याच्या भावाने जातात: १९,६९४ रुपये. त्यावर घडणावळ, त्यावर जीएसटी. जादा भुर्दंड २२,७१९ रुपये. शुद्धतेत तीन टक्के मारले असते तरी एवढं नुकसान झालं नसतं, आणि शिक्का मात्र शंभर टक्के खरा.

हॉलमार्क केलेल्या दागिन्याच्या बिलावर वस्तूचं वर्णन, धातूचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता, आणि हॉलमार्किंग शुल्क हे वेगवेगळं लिहिणं सराफाला बंधनकारक आहे. ‘एकूण रक्कम’ असं एका ओळीत लिहिलेलं बिल परत करा. खडे असतील तर त्यांचं वजन कॅरेटमध्ये वेगळं मागा. हिऱ्याच्या तोलाचा कॅरेट आणि सोन्याच्या कसाचा कॅरेट यांचा एकमेकांशी संबंध नाही: तोलाचे पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम.

आपल्या पारंपरिक दागिन्यांत लाखेचा प्रश्न वेगळाच आहे. ठुशी, कोल्हापुरी साज, बोरमाळ यांचे मणी पुष्कळदा पोकळ असतात किंवा आत लाख भरून वर सोन्याचा पातळ पत्रा असतो. ही फसवणूक नव्हे, घडवण्याची रीतच तशी आहे; लाखेशिवाय एवढा पातळ पत्रा चेपला जाईल. पण हॉलमार्क आहे तो पत्र्याच्या कसाचा. मणी ओवण्याआधी आणि लाख भरण्याआधी सोन्याचं वजन किती होतं ते बिलावर घ्या. कोल्हापूरच्या गुजरीतला किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवरचा मुरलेला सराफ हे न मागताही लिहून देतो. जो ‘अंदाजे एवढी लाख असेल’ म्हणतो त्याच्याकडून लाखेचा दागिना घेऊ नये, बाकीचा खुशाल घ्यावा. लाखेच्या दागिन्याला नंतर डाख लावायचा झाला तर उष्णतेने लाख वितळते, म्हणून दुरुस्तीही अशा कामाच्या माहितगाराकडेच.

काट्याबद्दल दोन शब्द. दशांशानंतर तीन आकडे दाखवणारा काटा हवा. रिकामा असताना शून्य दिसतं का ते बघा, पंख्याचा वारा त्यावर येत नाही ना ते बघा, आणि टॅग, दोरा, प्लास्टिकची पिशवी काढून तोला. भाषेचीही एक अडचण आहे: मूळ तोळा ११.६६४ ग्रॅमचा, पण आज दुकानात ‘तोळा’ म्हटलं की १० ग्रॅम. आजीच्या ‘पाच तोळ्यांच्या पाटल्या’ म्हणजे ५८ ग्रॅम असू शकतात किंवा ५० ग्रॅमही. वाटण्यांच्या वेळी यावरून भांडणं झालेली घरं कमी नाहीत. ग्रॅममध्येच बोला.

जीएसटीबाबतही गैरसमज फार. तयार दागिन्यावर सोनं आणि घडणावळ मिळून एकत्र रकमेवर ३ टक्के लागतो. ५ टक्के लागतो तो तुमचं सोनं देऊन दागिना घडवून घेतलात तर, आणि तोही फक्त मजुरीवर.

कुठे हॉलमार्क मिळणार नाही

दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला सक्ती नाही. म्हणजे चमकी, बाळाच्या कानातल्या, लहान नथ, काही मंगळसूत्रांच्या सुट्या वाट्या या सगळ्या निसटतात. कुंदन, पोलकी आणि जडाव यांनाही सूट आहे, कारण खडे बसवायला वापरलेल्या अतिशुद्ध पत्र्यामुळे आणि आतल्या भरावामुळे एकसारखा नमुना घेणं कठीण. वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या सराफालाही सक्तीतून वगळलं आहे, त्यामुळे गावातल्या छोट्या सोनाराकडे शिक्का नसणं हा गुन्हा नाही. अशा वेळी कस बिलावर लिहून घेणं आणि शंका आली तर स्वतः केंद्रात जाणं, एवढे दोनच मार्ग.

केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून मिळतो. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५ रुपये. त्या अहवालाने जुन्या दागिन्यावर शिक्का उमटत नाही, पण मोडीला जाण्याआधी कस किती ते कळतं, आणि त्याने बोलणी पार बदलतात.

मोड घालताना

समजा ४०.००० ग्रॅमच्या जुन्या पाटल्या आहेत. आधी तुमच्यासमोर तोलून आकडा लिहून घ्या. खडे, लाख, मेण काढल्यावर पुन्हा तोला. मग समोरच आटवा. आटवल्यावर गोळी ३९.६०० ग्रॅमची निघाली आणि तिच्या दोन्ही बाजू यंत्रावर ठेवून आलेल्या आकड्यांची सरासरी ८७.५ टक्के आली, तर शुद्ध सोनं ३४.६५० ग्रॅम. बावीस कॅरेटच्या हिशेबात ते ३७.८३ ग्रॅम होतं. यानंतर ‘घट’ म्हणून आणखी दोन-तीन टक्के कापायला लागले तर हरकत घ्या. मळ, डाख आणि कस यांची तूट आटवण्यात आणि तपासणीत आधीच वजा झालेली आहे. तीच दुसऱ्यांदा कापणं म्हणजे सरळ नफा. न आटवता, नुसत्या यंत्रावर एका जागी ठेवून दिलेला भाव घेऊ नका.

एचयूआयडी असलेल्या दागिन्याला इथे खरा फायदा मिळतो. कसाबद्दल वाद उरत नाही, आणि बऱ्याच पेढ्या तो न आटवताच ९१६ धरतात. दुसऱ्या पेढीचा शिक्का ‘आम्ही मानत नाही’ म्हणणारे भेटतात. मग समोर आटवून दाखवा म्हणावं.

कस कमी निघाला तर

बीआयएसच्या २०१८ च्या नियमांत भरपाई स्पष्ट आहे: शुद्धतेत जेवढी तूट, त्या तुटीच्या रकमेच्या दुप्पट, शिवाय तपासणीचा खर्च. ९१६ म्हणून घेतलेला १० ग्रॅमचा दागिना केंद्रात ८५० निघाला, तर तूट हजारात ६६ भागांची, म्हणजे ०.६६ ग्रॅम शुद्ध सोनं. ग्रॅमला १०,००० धरले तर ६,६०० रुपये, दुप्पट १३,२००, अधिक २०० रुपये शुल्क.

तक्रार बीआयएस केअर अ‍ॅपवरच करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तपासणी शक्यतो दुसऱ्या केंद्रातून करून घ्या, ज्याने मूळ शिक्का मारला त्याच्याकडून नको. दागिना मधल्या काळात दुरुस्त केलेला, कापलेला किंवा डाख लावलेला नसावा, नाहीतर तूट कुणामुळे आली ते सिद्ध होत नाही.

आणि पक्कं बिल हवंच. ‘बिल नको असेल तर तीन टक्के वाचतील’ हा प्रस्ताव आजही दबक्या आवाजात येतो. वरच्या मंगळसूत्रावर त्यात वाचतात पाच हजार रुपये. पण बिल नसेल तर त्यावरचं निव्वळ वजन नाही, कस नाही, खरेदीची तारीख नाही, आणि भरपाई मागायला तुमच्या हातात फक्त सहा खुणा उरतात, ज्या अ‍ॅपवर कदाचित तिसऱ्याच कुणाच्या नावाने नोंदलेल्या असतील.